न मिळालेला मंत्र

लास गार्सासच्या कुरणावरच्या देओलिंदो एस्कालान्तेला मंत्र येतो, हे कोरियेन्तेस प्रांताच्या त्या पाणथळ मुलखात सगळ्यांना ठाऊक होतं. येत नाही, हे फक्त देओलिंदोला ठाऊक होतं.

तिथं उन्हाळ्यात माशी सुटली की गुराख्यांचं निम्मं काम जखमांचंच असतं. काटेरी तारेचा ओरखडा असो की वासराची ओली नाळ, माशी बसते आणि तिसऱ्या दिवशी किडे वळवळू लागतात. म्हाताऱ्या क्रिसांतोकडे यावर इलाज होता. जनावराच्या खुराचा ठसा सुरीने मातीसकट कापायचा, उलटा करून ठेवायचा आणि तोंडातल्या तोंडात मंत्र म्हणायचा. किडे गळून पडत. जनावर लांब असलं तर नुसता रंग आणि जखमेची बाजू कळली तरी भागायचं. मात्र मंत्र घातल्यावर औषध लावायचं नाही. मंत्राचा अपमान होतो.

हा मंत्र गुड फ्रायडेलाच देता येतो, आणि तोही एकालाच. क्रिसांतोने तो देओलिंदोला द्यायचं कबूल केलं होतं. शेवटच्या आजारात देओलिंदोनेच त्याचं सगळं केलं. पण तो शुक्रवार पंधरा दिवसांवर असताना म्हातारा गेला. मर्तिकाला जमलेल्यांनी गृहीतच धरलं की मंत्र देओलिंदोकडे आला. तो खुलासा करायला तोंड उघडायचा, तेवढ्यात कोणीतरी त्याचे हात धरून म्हणायचं, "आता तूच रे बाबा आम्हाला."

पहिलं बोलावणं आलं तेव्हा तो खरं सांगायलाच गेला होता. पण खोगिराच्या पिशवीत औषधाची बाटली होती, आणि मंत्र घालताना बाकीच्यांनी लांब जाऊन पाठ फिरवून उभं राहायचं असतं. त्याने किडे काढले, औषध ओतलं, वरून चिखल लिंपला. गाय बरी झाली. औषधाचा वास यायचा; पण गुराख्याच्या अंगाला तो असतोच. पुढची छत्तीस वर्षं हेच चाललं. लांबचं बोलावणं आलं तरी तो "बघून येतो" म्हणून घोड्यावर बसायचा. लोक म्हणत, माणूस किती कष्टाळू!

त्या मार्चमध्ये लसी टोचायचं काम चालू होतं. दोन हजार गुरं गोळा करून एकेक अरुंद फाटकातून काढायची. धुळीने माणसांचे चेहरे ओळखू येत नव्हते. मुकादम त्रान्सितो कुंपणाशी येऊन ओरडला, "काका, एदुविहेसबाईचा निरोप आहे. तिची लुसेरा. तांबडी, डावा पुठ्ठा. म्हणाली, काम सोडून येऊ नका, तिथूनच घाला."

एदुविहेस विधवा होती. पाच कोसांवर एकटी राहायची आणि त्या एका गाईच्या दुधाचं चीज करून विकायची.

"टोप्या काढा रे!" कोणीतरी म्हणालं. "काकांचं दुकान उघडलं!"

वीस माणसं हसत हसत टोप्या काढून उभी राहिली. देओलिंदोने तोंड फिरवलं आणि ओठ हलवले. तो पुटपुटत होता, "उद्या जातो, उद्या जातो."

दुसऱ्या दिवशी वळूंनी कुंपण मोडलं. तिसऱ्या दिवशी लसवाला उशिरा आला. देओलिंदो पाचव्या दिवशी पोचला तेव्हा ओढ्याकाठी गिधाडं बसली होती.

एदुविहेस खाली मान घालून बाहेर आली. "काका, माझंच चुकलं. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत होती."

"तुझं काय चुकलं?"

"तीन दिवस ती कण्हत होती. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही. किडे मरावेत म्हणून थोडं डांबर लावलं मी. मंत्र मोडला. संध्याकाळी गेली."

तिने त्याच्यापुढे येर्बाचा कडू चहा ठेवला, चीजची फोड ठेवली. लुसेराचंच चीज. 'देवाची मर्जी' एवढं म्हटलं असतं तरी सुटका होती. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही होते.

"एदुविहेस, मला मंत्र येत नाही."

"विसरलात?"

"कधी मिळालाच नाही."

ती आधी हसली. मग म्हणाली, "मग माझ्या बापाचा घोडा बरा झाला तो?"

"औषध."

"आणि या वेळी?"

"या वेळी काहीच नाही. नुसते ओठ हलवले."

तिने त्याच्या पुढ्यातली बशी उचलून फळीवर ठेवली. "म्हणजे घरात डांबर असताना मी तीन दिवस हात बांधून बसले."

"हो."

"ती माझ्याकडे बघत होती हो. आणि मी तिला सांगत होते, थोडं सोस, काका बघतायत."

देओलिंदोने आपली गाभण गाय द्यायचं कबूल केलं.

"आणून बांधा. नाही म्हणायला मी काही श्रीमंत नाही. पण फिटलं असं समजू नका. आणि लोकांना तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून कशाला?"

रविवारी शेकोटीवर मांस भाजत होतं, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. त्रान्सितोने मांडीवर थाप मारली. "क्रिसांतोबाबा पण असंच म्हणायचा! ज्याला येतो तो कधी कबूल करतो का?" देओलिंदो शपथा घ्यायला लागला तसे लोक आणखीच आदराने बघू लागले. बरगडीचा चांगला तुकडा त्यालाच वाढला.

आठवड्याने त्रान्सितोनेच हाक मारली. "काका, काळी कालवड, उजवा कान. आम्ही लांब उभे राहतो."

"जाऊ नकोस. पाय धर तिचे. आणि बघ."

त्याने उजेडात, सगळ्यांदेखत किडे काढले, जखम धुतली, औषध ओतलं. ठसा कापला नाही, ओठ हलवले नाहीत. त्रान्सितो शेवटपर्यंत वाट बघत राहिला.

"एवढंच?"

"एवढंच."

त्रान्सितोच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. कालवडीचे पाय सोडत तो म्हणाला, "हे तर एदुविहेसबाईलाही जमलं असतं."

देओलिंदोने कालवडीच्या मानेवरचा हात काढला नाही.

"जमलं असतं," तो म्हणाला.