नाक खाजवलं आणि भाचीची मोजणी बिघडली

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. मेंदूच्या तपासणी यंत्रात नाकही खाजवू देत नाहीत!

माझी भाची मेंदूतल्या रसायनांवर संशोधन करते. तिच्यासाठी लोणावळ्याहून पुण्याला जाऊन यंत्रात झोपलो. शेवटी मोठ्या रेणूंचा पसरट संकेत, जो बाकीच्या रसायनांच्या संकेतांत मिसळतो, तेवढा वेगळा मोजायचा होता. नेमका तेव्हाच मी हातात दिलेली धोक्याची घंटा दाबून यंत्र थांबवलं आणि नाक खाजवलं.

"मामा, तो संकेत वजा करायचा होता! आता बाकीची रसायनं आहेत त्याहून जास्त दिसणार."

"बरंय की, मी हुशार दिसेन."

ती हसली नाही. यंत्राची वेळ संपली होती, बाहेर पेशंट ताटकळले होते. तिची सकाळ मी वाया घालवली होती, वर विनोदही केला. विनोद कधी गिळायचा, हे तुम्हाला कळतं का हो?

घरी गेलो नाही. संध्याकाळी यंत्र मोकळं झाल्यावर यंत्रात धातू चालत नाही म्हणून खिशातल्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून आडवा झालो.