साठ घरांचा लाहा

रेवाबाई पाडवीला राग यायला वेळ लागतो. आलेला राग जायला त्याहून जास्त लागतो. तिच्या शाळेला किराणा-मिरची मी पोचवतो, बारा वर्षं तिला ओळखतो. तिचा खरा राग एकदाच पाहिला, आणि तो अजून उतरलेला नाही. उतरूही नये.

रनाळ्याकडून शहरात शिरताना मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या लागतात. त्या संपल्या की डाव्या हाताला भिलाटी, भिल्लांची वस्ती. साठ घरं, सगळी धडगावकडच्या डोंगरातून उतरलेली. भिलाटीच्या तोंडाशी नगरपालिकेची शाळा आहे, दोन खोल्यांची. त्यातल्या एका खोलीचे पत्रे दोन वर्षांपूर्वी वावटळीनं नेले, ते परत आले नाहीत. रेवाबाई त्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. धाकटा मुलगा तिथंच चौथीत असल्यामुळे ती शाळा समितीची अध्यक्षही आहे. स्वयंपाकीण अध्यक्ष कशी, असं कोणी विचारलं नाही, कारण दुसरं कोणी तयारच नव्हतं. लिहायला, सही करायला ती त्याच शाळेत शिकली, चुलीजवळ बसून, पहिलीच्या पोरांच्या पाट्या बघत.

दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि भिलाटी ऊसतोडीला गुजरातेत जाते. आईबाप गेले की पोरंही जातात. जूनमध्ये बावन्न पोरं, जानेवारीत सतरा. यंदा शिक्षण खात्याच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की जानेवारीच्या पाहणीत वीसच्या खाली पोरं दिसली तर ही शाळा हायवेपलीकडच्या शाळेत घालू. त्या हायवेवरून सहा वर्षांचं पोर कसं जाणार, हे साहेबांनी सांगितलं नव्हतं.

अशात पाटाच्या पलीकडे मसाल्याची कंपनी आली. तिचे मॅनेजर गिरधरभाई एका दुपारी शाळेत आले, जमिनीवर मांडी घालून बसले आणि रेवाबाईच्या हातची खिचडी जेवले. म्हणाले, "मावशी, घरटी एक नोकरी देऊ. शाळेला पक्की खोली बांधून देऊ. फक्त आमची जागा सपाट व्हायची राहिली, मशीन चिखलात अडकलंय. तुमच्यात ते लाहा म्हणतात ना? तसंच समजा."

हा शब्द त्यांना कोणी शिकवला, देव जाणे. लाहा म्हणजे काय, हे डोंगरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. एका घरचं काम निघालं, त्यानं हाक दिली, की सगळं गाव जातं. मजुरी नाही. ज्याचं काम, तो सगळ्यांना आपल्या घरचं जेवू घालतो. पुढे त्यातल्या कोणी हाक दिली की त्यानं जायचं. कागद नसतो, साक्षीदार नसतो. लाहा बुडवला असा माणूस रेवाबाईनं जन्मात पाहिला नव्हता. म्हणून तिनं विचार केला नाही. ती साठ दारांवर गेली.

तीन दिवस साठ घरं राबली. उंचवटे फोडले, खड्डे बुजवले, दगड वाहिले, पाण्याला चर काढला. आमश्या, तिचा नवरा, मार्केट यार्डातली हमाली सोडून आला. म्हातारा सुकराम, ज्याला उभं राहवत नाही, तो बसून फावड्यांना धार लावत होता. जेवणाच्या वेळी कंपनीच्या गाडीतून बिस्किटांचे पुडे आले.

"हे काय गं रेवा?" शेजारची भिकुबाई म्हणाली. "लाह्याला आलो का कुत्र्यांच्या पंगतीला?"

"खा गप. शहरातला माणूस आहे, रीत कळायला वेळ लागतो."

हे वाक्य रेवाबाईला आजही आठवतं, आणि आठवलं की ती चुलीतलं लाकूड उगाच आत ढकलते.

कारखाना उभा राहिला. कामगार बाहेरून आले, ठेकेदाराच्या दोन बसमधून. भिलाटीतल्या दोघी झाडू मारायला घेतल्या, त्याही महिन्याभरात काढल्या. तिचा दीर धुडकू फाटकावर विचारायला गेला तर वॉचमन म्हणाला, "लोकल लोक सुट्ट्या फार घेतात." ज्या जमिनीवर उभा राहून तो हे बोलला, ती धुडकूनं सपाट केली होती. दिवाळी झाली, ट्रक आला, भरून गेला. कोणी रेवाबाईला बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. नुसते तिच्या दारावरून खाली बघत गेले.

पाहणीच्या आठवडाभर आधी कंपनीनं शाळेत कार्यक्रम ठेवला. मंडप, माईक, फोटोवाला. वीस दप्तरं, प्रत्येकावर कंपनीच्या मिरचीचं चित्र. आणि छताचे दोन पंखे. ज्या खोलीसाठी होते, तिला छत नव्हतं. पंखे खोक्यांतच टेबलावर मांडले, फोटोत खोकी छान दिसत होती.

कार्यक्रमाआधी गिरधरभाईंनी रेवाबाईला बाजूला घेतलं. हातात कागद होता. स्थानिकांना रोजगार दिला, शाळेला मदत केली, आम्ही समाधानी आहोत, असं त्यात छापलं होतं. खाली अध्यक्षाच्या सहीची जागा.

"सही करा मावशी. तुमची रिना बारावी झालीये ना? सोमवारपासून पॅकिंगला पाठवा."

रिना तिथंच उभी होती, एकोणीस वर्षांची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. सुरतेला साडीच्या कारखान्यात जायचं तिचं ठरत होतं. आईकडे तिनं असं पाहिलं, की दुसऱ्या कुठल्याही आईनं सही केली असती.

हेडमास्तर रूपचंद गुरुजी खालच्या आवाजात, अहिराणीत म्हणाले, "रेवाबाई, करी टाक ना सही. तुन्हं काय जास?"

"मन्हं काय जास?" रेवाबाई मोठ्यानं म्हणाली. "गुरुजी, तुमची तर शाळाच जाई ऱ्हायनी. तुम्हले तरी ठावं पाहिजे ना काय जास ते!"

तिनं कागद टेबलावर, पंख्यांच्या खोक्यावर ठेवला. पेन घेतलं. गिरधरभाई हसले, फोटोवाला पुढे सरकला. छापलेल्या मजकुरावर तिनं आडवी रेघ मारली आणि खाली मोठ्या गोल अक्षरांत, सावकाश, लिहिलं: साठ घरं, तीन दिवस, लाहा बाकी. मग सही केली.

"हे काय केलं मावशी?"

"मावशी म्हणू नका. तुमच्या मावशीला तुम्ही बिस्किटं घातली नसती."

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते आमश्यानं मला सांगितलं. रिना बॅग भरत होती, रडत नव्हती. "तुझ्या रागाचं भाडं मी भरतेय," ती म्हणाली. सोमवारी रिना सुरतेच्या एसटीत बसली, तेव्हा आई स्टँडवर होती.

पाहणी झाली. अठरा पोरं होती, वीसला दोन कमी. साहेबांनी आकडा लिहून नेला. आदेश अजून आलेला नाही, येईल.

त्यानंतर महिन्याभरात गिरधरभाई पुन्हा आले. या वेळी मंडप नव्हता. कंपनीच्या वरच्या ऑफिसातून कोणी तपासणीला येणार होतं, आणि रेघ मारलेला कागद चालणार नव्हता. ते चुलीसमोर उभे राहिले, नवा कागद घेऊन.

"रिनाला परत बोलवा. पॅकिंग नाही, ऑफिसात घेतो. उद्यापासून."

मी तिथंच होतो, मिरचीची गोणी द्यायला गेलो होतो. रेवाबाईनं डाव भांड्यात फिरवत विचारलं, "एकीला?"

"सध्या एकीला."

"घरं साठ आहेत. आणि शाळेची एक खोली. ती बांधायच्या लाह्याला तुम्ही आलात तर जेवण मी घालेन, पोटभर. फावडी तुमची आणा, आमची बोथट झालीत तुमच्या दगडांवर."

"असं नसतं हो मावशी."

"आमच्यात असंच असतं. शब्द तुम्ही काढला होता, मी नाही."

ते कागद घेऊन गेले. गाडीची धूळ बसल्यावर तिनं खिचडीवर झाकण ठेवलं आणि पदराला हात पुसून रिनाला फोन लावला. महिन्यातला हा पहिलाच फोन. आवाज मोठा ठेवायची तिची सवय, म्हणून मलाही ऐकू आलं.

"तो आला होता. तुला ऑफिसात घेतो म्हणाला."

पलीकडे यंत्रांचा खडखडाट. "मग?"

"हाकलला."

रेवाबाईनं फोन कानावर दाबून धरला.

"किती नोकऱ्या मागितल्यास?" रिनानं विचारलं.

"साठ."

"एकसष्ट सांगायच्या आई. धुडकूकाका वेगळा झाला ना आता. त्याची चूल कोण मोजणार?"