दहा शिंगांचं श्वापद आणि माझी अक्का

अकोल्यात मी पाट्या रंगवायचो. कापसाच्या जिनांच्या फाटकांवरची नावं, कापडदुकानांच्या पाट्या, छकड्यांच्या मागच्या फळीवर हरणं आणि मोर. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तसा तेलरंग मिळेनासा झाला, कामं आटली आणि त्याच सुमारास अकोल्याच्याच मिशनच्या उपदेशकाचा निरोप आला. कापडावर मोठी चित्रं काढायची आहेत, रंग आम्ही देऊ. मी लगेच गेलो. रंगासाठी गेलो हे खरं, पण तेवढ्यासाठीच नाही. त्या मिशनच्या दवाखान्यात माझी थोरली बहीण मलमपट्टीचं काम करायची आणि सात वर्षांत मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. ती तिथं कशी राहते ते बघून घरी चार जणांत सांगावं, अशी माझी हलकट इच्छा होती.

आमचा मळा पातूरजवळ. वांगी, मेथी, झेंडू, शेवंती. अक्काचं लग्न जवळच्याच गावी झालं, तिसऱ्या वर्षी नवरा गेला आणि पुढच्याच वर्षी तिच्या हातावर, मग गालावर पांढरे डाग उठले. साधं कोड होतं ते. पण सासरच्यांनी महारोग म्हणून तिला आमच्या दारात आणून सोडलं. बापानं तिला घरात घेतलं नाही, गोठ्यात खाट टाकून दिली. दोन वर्षं ती तिथं होती. तिनं खुडलेली भाजी बाजारात चालायची, तिनं भरलेला तांब्या मात्र चालत नव्हता. मग एक मिशनची बाई तिला त्या दवाखान्यात घेऊन गेली. ती गेली त्या दिवशी घरात कुणी रडलं नाही, मोकळं झाल्यासारखं वाटलं सगळ्यांना. पुढं तिनं बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं तेव्हा मात्र आमच्या घराला धर्म आठवला. जिला माणसांत बसू दिलं नव्हतं, तिनं माणसं बदलली म्हणून बाप छाती बडवून घेत होता. मीही त्यात होतो, आणि माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

मिशनच्या आवारात ती मला भेटली ती हातात पट्ट्यांचं ताट घेऊन. डाग आता कपाळापर्यंत गेले होते. मला वाटलं होतं, रडेल. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "जाडा झाला तू. जेवला काय?"

मी "हो" म्हणालो. ती कामाला निघून गेली.

उपदेशक नगरकडचा होता. बोलणं एकदम शुद्ध, पुस्तकातलं. मिशी बारीक, ओठ सतत ओले, आणि बोलताना डोळे मिटून घ्यायची सवय. विलायतेहून आलेली जुनी चित्रं वाळवीनं खाल्ली होती, ती त्याला मांजरपाटावर पुन्हा काढून हवी होती. त्यांच्या पवित्र शास्त्रात परक्या देशात बंदी म्हणून नेलेल्या एका भक्ताला स्वप्न पडतं. समुद्रातून चार श्वापदं वर येतात. पहिला गरुडाचे पंख असलेला सिंह. दुसरं अस्वल, त्याच्या तोंडात तीन फासळ्या. तिसरा चार डोक्यांचा, चार पंखांचा बिबट्या. आणि चौथं असं की त्याला नावच नाही. लोखंडाचे दात, दहा शिंगं आणि त्या शिंगांमधून उगवणारं आणखी एक लहान शिंग. त्या शिंगाला माणसाचे डोळे आणि बढाया मारणारं तोंड. ही श्वापदं म्हणजे जगावर राज्य करणारी राज्यं, असं उपदेशक सांगायचा.

मला ती जनावरं अजिबात पटली नाहीत. एका बिबट्याला चार डोकी बसवायची तर खांदे कुठं ठेवायचे? पंख हाडाला जोडायचे की नुसते चिकटवायचे? मी खळ लावलेल्या कापडावर कोळशानं आखत होतो आणि मनात म्हणत होतो, ज्यांच्या देवाला जनावर धड बनवता येत नाही त्यांच्यात ही बया गेली.

पण जनावरांपेक्षा उपदेशकाची किळस लवकर आली. पहिलं चित्र झालं आणि मोठे गोरे साहेब मिशन पाहायला येणार असं कळलं. उपदेशक घाईघाईनं आला.

"अहो पेंटर, या सिंहाचे दात जरा झाका."

"दात काढा म्हणून तुम्हीच सांगितलं होतं."

"हो, पण साहेबांच्या सरकारच्या निशाणीवर सिंह आहे. उगाच गैरसमज व्हायचा. तोंड मिटलेलं दाखवा. चेहरा प्रसन्न ठेवा."

मी तोंड मिटवलं. बिचारा सिंह अंगणातल्या मांजरासारखा दिसायला लागला. साहेबांनी तो पाहिला, मान हलवली आणि चहा घेऊन गेले. उपदेशकाचा आनंद दोन दिवस मावत नव्हता.

अस्वलाचं तर विचारूच नका. सुरुवातीला उपदेशक लोकांना सांगायचा, हे रक्तपिपासू अस्वल म्हणजे रशिया. पुढं रशिया लढाईत इंग्रजांच्या बाजूला आला. त्याच आठवड्यात मला बोलावणं. "त्या फासळ्या पुसून टाका, पेंटर." म्हणजे देवानं हजारो वर्षांपूर्वी दाखवलेलं स्वप्न हा माणूस वर्तमानपत्र वाचून दुरुस्त करत होता, आणि समोर बसलेली शिकलेली माणसं, मास्तर, कंपाउंडर, रेल्वेतले कारकून, माना डोलावत होती. त्यांचा मला जास्त राग यायचा. लबाड एकच होता, बावळट मात्र सगळे.

चौथं श्वापद काढताना मी सूड घेतला. त्या लहान शिंगाला मी उपदेशकाचं तोंड दिलं. बारीक मिशी, ओले ओठ, मिटलेले डोळे. एकदम हुबेहूब. रविवारी मिशनच्या देवळात भजन झाल्यावर चित्र उघडलं तेव्हा मागच्या बाकावरच्या बाया पदर तोंडात धरून हसायला लागल्या. उपदेशक छडीनं ते तोंड दाखवत सांगत होता, "पाहा, हे गर्विष्ठ मुख!" आणि त्याला काही कळत नव्हतं. मी दाराशी उभा राहून मजा बघत होतो.

दुसऱ्या दिवशी अक्का मी काम करायचो त्या पडवीत आली. मला वाटलं, हसेल.

"ते तोंड पुसून टाक," ती म्हणाली.

"काहून? खोटं काढलं काय?"

"खरंच काढलं. म्हून तं पुसून टाक. लोक आता श्वापद पायतच नाई, त्याचीच मिशी पायतात. तो तेच करून राहिला, कधी रशिया, कधी जर्मन. अन् तूबी तेच केलं. तुमा दोघायले वाटते, हे कोन हाय ते ओळखलं की झालं."

"मग कायसाठी हायेत हे जनावरं?"

"भेव वाटू नये म्हून." ती पडवीच्या पायरीवर बसली. "तो भक्त बंदीत होता ना? त्याले देवानं दाखवलं, हे येईन, मंग हे येईन, मंग याच्याऊन वाईट येईन. अन् सगळे जातीन. त्याले पळ नाई म्हटलं, लढ नाई म्हटलं. नुसतं सांगतलं, आपल्या जागी राय. मी गोठ्यात होती तवा मले कोनी हे सांगतलं असतं तं लय बरं झालं असतं."

गोठ्याचं नाव निघाल्यावर मी कुंचला धुवायला उठलो. तोंड मात्र पुसलं. तिचं पटलं म्हणून नव्हे. तिनं पुन्हा गोठा काढू नये म्हणून.

त्यानंतर उपदेशकाला जोर चढला. त्यानं शिंगं मोजली, राजे मोजले आणि जाहीर केलं की येत्या ईस्टरच्या आत चौथं श्वापद पडणार आणि प्रभू येणार. मास्तरांनी आपल्या मुलीला अमरावतीच्या, मास्तरणी तयार करणाऱ्या शाळेतून परत आणलं. आता परीक्षा कशाला? एका म्हाताऱ्या जोडप्यानं आपल्या चारही शेळ्या वाटून टाकल्या. सुतारानं गळकं छप्पर तसंच ठेवलं. अक्का दवाखान्यासाठी पुढच्या सहा महिन्यांच्या पट्ट्या फाडून, गुंडाळून ठेवत होती. उपदेशकानं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, तुमचा विश्वास नाही काय?"

ती म्हणाली, "हाय. तो येईन तवा येईन. तवरोक लोकायचे फोडं काई थांबत नाई."

ईस्टर आला आणि गेला. उपदेशकानं सांगितलं की एक शिंग चुकून दोनदा मोजलं गेलं होतं. पंधरा दिवसांनी त्याची तब्येत बिघडली आणि हवापालटासाठी तो जबलपूरला गेला. तो परत आला नाही. मास्तरांच्या मुलीचं वर्ष बुडालं. शेळ्या कुणी परत दिल्या नाहीत. देवळात जिथं शंभर माणूस बसायचं तिथं पाचसात उरले. बाकीचे स्वतःच्या मूर्खपणाचा राग देवावर काढून घरी बसले. पुढं गोरे पाद्रीही आपल्या देशी गेले आणि मिशनला कुणी वाली राहिला नाही.

मी अक्काला डिवचायला गेलो. "आता काय? तुमचं श्वापद तं जिवंतच हाय."

"असू दे." ती एका हमालाच्या टाचेतला काटा काढत होती. "माह्यासाठी एक चित्र काढशीन काय?"

तिला सिंहासनाजवळचे चार प्राणी हवे होते. ते निराळ्या दर्शनातले. एका बेटावर हद्दपार केलेल्या येशूच्या म्हाताऱ्या शिष्याला दिसलेले. एक सिंहासारखा, एक बैलासारखा, एकाला माणसाचं तोंड, एक उडत्या गरुडासारखा. अंगभर डोळे आणि रात्रंदिवस न थकता देवाची स्तुती करणारे. मी काढले. सिंह आणि गरुड नेहमीसारखेच झाले, पाटीवरच्यासारखे. बैल मात्र चांगला उतरला, कारण बैल मी पाहिलेला होता. दवाखान्याच्या भिंतीवर ते कापड तिनं खिळे ठोकून लावलं.

त्यानंतरच्या वर्षी बापाचा पाय सडायला लागला. मधुमेह होता. अंगठ्यापासून काळं पडत वर चाललं. आम्ही तिघे भाऊ. कुणाला तो वास सोसत नव्हता. वैद्य दारातूनच औषध सांगून जायचा. मीच एकदा अक्काजवळ बोललो, तेही तिला बोलवायला नव्हे, नुसतं बोललो. पुढच्या गुरुवारी ती सर्व्हिस मोटारीनं पातूरला उतरली आणि पायी मळ्यात आली.

बापानं तोंड फिरवलं. "हिले कोनं बोलावलं?"

"पायानं बोलावलं," ती म्हणाली. "तोंड तिकडंच ठेवा. पाय इकडं करा."

अकरा महिने ती दर गुरुवारी आणि रविवारी दुपारी यायची. बाप शेवटपर्यंत तिच्या हातचं पाणी प्याला नाही. तिनं पट्टी बांधली की भावजय त्याच्या अंगावर गोमूत्र शिंपडायची, तिच्यादेखत. मी एकदा मोटारीच्या थांब्यापर्यंत तिच्यासोबत गेलो आणि विचारलं, "तुले राग येत नाई काय?"

"येते ना. लय येते. मोटारीत बसल्यावर शिव्या देतो मी मनातल्या मनात." मग थोडं चालून म्हणाली, "सिंहासनाजोळ सिंह ठेवला ते समजते. गरुडबी समजते. पन बैल काहून ठेवला असन? मी लय इचार केला. मले वाटते, मोटेवरचा बैल पाय. जाते, येते, पुन्हा जाते. त्याले कोनी ववाळत नाई रोज. पन पानी त्याच्यानंच येते. देवाले तो दिसत असन."

मोठमोठ्या छड्या फिरवून सांगितलेलं सगळं मी ऐकलं होतं, त्यात एवढं समजण्यासारखं काही नव्हतं.

बाप मेला तेव्हा तिला कळवायचं की नाही यावर घरात वाद झाला. तिला कळलंच. ती आली, मळ्याच्या बांधावर उभी राहिली, तिरडी गेल्यावर परत गेली. कुणी तिला बस म्हटलं नाही. मीही नाही.

पुढच्या पोळ्यानंतर एकदा ती अकोल्यात माझ्या घरी आली. माझ्या बायकोच्या हाताला गळू झालं होतं, ते बघायला. काम झाल्यावर बायकोनं तिला ओसरीवर पत्रावळीवर वाढलं आणि मला आत ताटावर. मी ताट उचललं आणि ओसरीवर तिच्यासमोर येऊन बसलो. मोठं काही करतोय असं मला वाटत होतं. शेजारचा दुकानदार आपल्या दारात उभा होता, आणि तो बघतोय का हे मी पहिल्या घासाआधी दोनदा पाहिलं.

अक्कानं ते पाहिलं. "उपकार करून राहिला काय माह्यावर?"

"नाई."

"मंग जेव खाली पाहून."

मी खाली पाहून जेवलो. मी ख्रिस्ती झालो नाही, देवळात कधी बसलो नाही, आणि त्या स्वप्नांचा अर्थ मला आजही कुणी विचारला तर सांगता येणार नाही. इतकंच माहीत आहे की उपदेशक गेला, साहेब गेले, बाप गेला, आणि पुढची एकोणीस वर्षं त्या दवाखान्याचं दार सकाळी सात वाजता एकच बाई उघडत होती. त्या दिवशी तिनं भाकर संपवली, बोट चाटलं आणि आतल्या दिशेनं ओरडून माझ्या बायकोला विचारलं, "वांग्याची भाजी उरली काय वो? मीठ जास्त हाय, पन चांगली झाली."