कार्ड चालत नाही, कारण विचारा

देवरीच्या मेश्रामबाईंच्या संकेतस्थळावर मधाच्या बाटलीखाली लिहिलेले असे : ‘पैसे थेट बँक खात्यात भरावे. कार्ड चालत नाही. कारण विचारायचे असल्यास फोन करावा.’ लोक खरोखर फोन करीत आणि बाई खरोखर कारण सांगत. मध विकण्यापेक्षा त्यातच जास्त वेळ जाई.

संकेतस्थळ मी बनवले होते. बसस्थानकासमोर माझे कॉम्प्युटरचे दुकान होते. बाई अंगणवाडीतून निवृत्त झाल्या आणि जंगलाकडच्या गावांतल्या बाया आणत तो मध विकू लागल्या. पहिल्या वर्षी मी हौसेने सगळे मार्ग उघडले. बाटली दारात आल्यावर पैसे देतो म्हणणारे निम्मे लोक बाटली दारात आली की घरी नसत. एका पुणेकराने कार्डावर मध घेतला, आणि हिवाळ्यात तो गोठला म्हणून बँकेकडे तक्रार केली. बँकेने पैसे परत घेतले. मध त्याच्याकडेच राहिला.

“थंडीत मध गोठते, हे त्या बँकेले कोन सांगन?” बाईंनी विचारले. मी म्हटले, फॉर्म भरता येतो. बाईंनी फॉर्म भरला, पुरावा म्हणून गोठलेल्या मधाची बाटली सोबत पाठवली. उत्तर आले नाही. बाटलीही आली नाही.

दोन्ही मार्ग बंद झाले. पण कार्ड सुरू केले तर विक्री तिप्पट होईल, हे माझे टुमणे चालूच होते.

“कार्डाचा पैसा कवा येते?”

“सात-आठ दिवसांनी.”

“बाजार कवा आहे?”

“मंगळवारी.”

“मंग कायले विचारून राहिला, बाबू?”

बाईंकडे भांडवल नव्हतेच. सोमवारी पासबुकात जे उमटे, तेच मंगळवारी ओसरीवर वाटले जाई. अकरा बाया डबे रिकामे करून पैसे घेत, बाजार करीत आणि चारची बस पकडत. रोख मिळते म्हणूनच त्या व्यापाऱ्याकडे निम्म्या भावाने मध घालत नसत.

मग बाई ऑपरेशनसाठी नागपूरला गेल्या. मी त्यांच्या भल्यासाठी, त्यांना न विचारता, कार्ड सुरू केले. आठवड्यात चाळीस बाटल्या गेल्या. मी स्वतःवर खूश होतो. मंगळवारी बाया आल्या. पैसे कुठेतरी वाटेत होते. मी म्हटले, पुढच्या मंगळवारी देतो.

कुणी भांडले नाही. सुकवारो नावाच्या म्हातारीने फक्त विचारले, “बाई मेली का?”

“नाही.”

“मंग पैसा काऊन नाही?”

अकराही जणी डबे उचलून व्यापाऱ्याकडे गेल्या. त्याच दुपारी मी कार्ड बंद केले.

बाई परतल्या. टाके ओले असतानाच त्या मंगळवारी ओसरीवर पैसे घेऊन बसल्या. तिघी आल्या. अकरा व्हायला दोन वर्षे लागली.

बाई गेल्या, तोही मंगळवार होता. सकाळीच निरोप आला. मी आधी बँकेत गेलो, मग त्यांच्या घरी. ओसरीवर बसून अकरा जणींचे पैसे दिले. सुकवारोने पैसे कमरेला खोचले, आतल्या गर्दीकडे पाहिले, आणि या वेळी मला काहीच विचारले नाही. तेव्हा मात्र मला रडू आवरले नाही.

चारच्या बसने त्या दिवशी कुणी गेले नाही.