न मिळालेल्या पैशांचा पुरावा

माझ्या मुलीच्या हातात कात्री असली की तिच्याशी कोणी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला नियम. ती कापड बेतते आणि कापते. तीन दुकानांसाठी, घरी बसून, नगावर. शिवायला दुसरी माणसं असतात, पण चिमीनं कापलेला कोट अंगावर कसा बसतो ते त्या दुकानदारांना विचारा. मी आई आहे म्हणून सांगत नाही. म्हणजे म्हणूनच सांगते, पण खोटं नाही सांगत.

कारखान्यात होती तोवर कराच्या भानगडी कारखानाच निस्तरायचा. मागच्या वर्षी तिनं नोकरी सोडली आणि कापायचं मोठं टेबल आणि मशीन घ्यायला तिच्या बाबांकडे पैसे मागितले. "चांगला पगार सोडून चिंध्या कापायला मी एक दमडी देणार नाही," असं ते म्हणाले आणि खरंच दिली नाही. तिनं सगळं हप्त्यांवर घेतलं. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं "जेवलीस का" आणि "दार लावा" एवढ्यावर आलं होतं. मधे मी, टपालपेटीसारखी.

अशात कोपऱ्यावरचा एक गाळा रिकामा झाला. मोठी खिडकी, दिवसभर सारखा उजेड. मालक भला माणूस, पण कागदाचा पक्का. "कर भरल्याची पावती महिनाअखेरपर्यंत आणा, गाळा तुमचा. नाहीतर दुसरा एक जण थांबलाय," म्हणाला. चिमीनं त्याच दिवशी जाऊन भिंतींची मापं घेतली. टेबल कुठे, आरसा कुठे, सगळं ठरवून मोकळी.

रविवारी दुपारी ती लॅपटॉप घेऊन बसली. "यात काय एवढं, माझं मी भरते," म्हणाली. मी समोर पावत्यांची पिशवी घेऊन. पहिला तास पासवर्डमध्ये गेला. त्यात मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि सगळं घातल्यावर म्हणे हा पासवर्ड फार लांब आहे. मग व्यवसाय निवडायचा होता. यादीत मधमाश्या पाळणारे होते, जादूगार होते, कापड कापणारं कोणी नव्हतं. चिमी "इतर" झाली. इतक्यात मी पाणी आणायला उठले, परत आले तर पडदा कोरा, मधे एकच ओळ: आपण बराच वेळ काही केलं नाही, म्हणून आपल्याला बाहेर काढण्यात आलं आहे. मुलगी पावत्यांची बेरीज करत होती हो. काही केलं नाही म्हणजे काय?

खरी गोची पुढेच होती. एका दुकानदाराच्या चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिलेल्या, त्यातल्या दोनतीन पुसून गेलेल्या. नक्की किती मिळाले ते कळेना. फोन केला तर तो म्हणाला, बघून सांगतो, आणि त्याचं बघणं काही संपलं नाही. तेव्हा चिमीनं केलं ते तिच्या धंद्यातलं कोणीही केलं असतं. कापड कापताना शिवणीसाठी थोडं जास्त सोडतात, त्याला माया ठेवणं म्हणतात. जास्त असलं तर आत दाबता येतं; कमी पडलं तर कापड वाया. तिनं कमाईतही तशी माया ठेवली आणि अंदाजापेक्षा बराच जास्त आकडा भरला.

"कमी दाखवलं तर ती चोरी, आई. जास्त दाखवल्याबद्दल कोण कशाला ओरडेल?"

मलाही ते पटलं. आम्ही दोघी सारख्याच शहाण्या.

दोन दिवसांनी कर खात्याचं उत्तर आलं. तिन्ही दुकानांनी कळवलेली रक्कम आणि आपण दाखवलेलं उत्पन्न जुळत नाही. जादा उत्पन्न कुठून आलं ते पुराव्यासह कळवा. चिमीनं लिहिलं, जादा उत्पन्न नाही. तर पडदा म्हणतो, ही जागा शून्य ठेवता येणार नाही. आकडा दुरुस्त करायला गेली, तर खुलासा होईपर्यंत दुरुस्ती बंद. मदतीच्या नंबरवर बासरी वाजत राहिली आणि मग फोनच कटला. तिनं कात्री टेबलावर अशी आपटली की वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. माझंही डोकं फिरलं होतं. चोर पैसे लपवून मजेत असतात, आणि आमच्या पोरीनं कधी न मिळालेले पैसे कुठून आणले ते सिद्ध करायचं.

शेवटी कचेरी गाठली. त्या दिवशी तिचे बाबाही कपडे करून दारात उभे राहिले. "मला तिकडच्या खिडक्या माहीत आहेत," एवढंच म्हणाले. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी नकोही म्हटलं नाही.

खिडक्या त्यांना माहीत नव्हत्या. आम्ही दोन चुकीच्या रांगांत उभं राहून तिसरीत पोचलो. खिडकीवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा वर केला आणि चिमीकडे जरा कौतुकानंच पाहिलं.

"जास्त दाखवणारी तुम्ही पहिलीच. दुरुस्तीचा अर्ज द्या, पण त्याला महिना तरी लागेल."

"मला पावती शुक्रवारपर्यंत हवी आहे. त्या दिवशी महिना संपतो."

"मग सोपा मार्ग सांगते. तेवढी रक्कम घरच्यांनी दिली असं लिहून द्या. हे वडील ना? त्यांची सही घ्या, पावती आत्ता निघेल."

बाबांनी खिशातून पेन काढलंसुद्धा. "द्या इकडे. कुठे करू?"

"नको," चिमी म्हणाली. "त्यांनी दिलेले नाहीत."

मला तिचा संताप आला, खरं सांगते. एक सही, आणि गाळा हातात. आणि तिचं खोटं नव्हतं, याचाही राग आला.

बाबांनी पेन खिशात ठेवलं, पाकीट काढलं आणि होत्या तेवढ्या नोटा खिडकीच्या फळीवर ठेवल्या. "बाकीचे समोरच्या बँकेतून आणतो. आत्ता हिच्या हातात देतो. मग तर खोटं होणार नाही ना?"

बाईंनी नोटा हळूच मागे सरकवल्या. "नाही चालणार, काका. मागच्या वर्षातच द्यायला हवे होते."

चिमीनं दुरुस्तीचा अर्ज भरला. बाहेर येऊन तिनं पायरीवरूनच गाळ्याच्या मालकाला फोन केला. तो म्हणाला, वाईट वाटतं, पण मी थांबू शकत नाही. ती "बरं" म्हणाली आणि मापं लिहिलेला कागद पर्समधून काढून तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

बाबांच्या हातात पाकीट तसंच होतं. "हे पुढच्या वर्षीच्या हिशेबात धरता येतील ना?" त्यांनी विचारलं. कितीतरी महिन्यांनी ते तिला सरळ काही विचारत होते.

"येतील," ती म्हणाली. "पण मला तेव्हा हवे होते, बाबा."

त्यांनी पाकीट खिशात ठेवलं. मग आम्ही तिघं बसथांब्यावर जाऊन उभे राहिलो.