तुलनेची चूल

सेलूकडच्या आमच्या गावात ऐंशी सालानंतर बिनधुराच्या चुलीचं संशोधन आलं होतं. पैसा दिल्लीच्या सरकारी खात्याचा. असा पैसा कसा येतो, ते मला तेव्हाच कळलं बापा. आधी थोडा देतात, काम करून दाखवा म्हणतात. मग तिकडून चार शहाणे येऊन पाहतात. पटलं तर पुढचा देतात, नाही पटलं तर मिटवा दुकान.

काम पाहणारा पोरगा पुण्याकडचा, गुणी होता. म्हणाला, एका घरात धुराड्याची नवी चूल बसवू, शेजारच्या घरात जुनीच राहू देऊ. दोन्हीकडं जळण एकच, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचं. म्हणजे फरक कळेल. चिठ्ठ्या टाकल्या. नवी चूल मला निघाली, जुनी माझ्या मोठ्या जावेला. मधे एक भिंत फक्त. तिचा खोकला आधीपासूनचा. ती म्हणाली, मलेही नवी द्या. पोरगा म्हणाला, दोन वर्षं धीर धरा, पुढचा पैसा आला की पहिली चूल तुमची. तुमची जुनी चूल नसली तर माझा प्रयोगच उभा राहत नाही.

तिनं ऐकलं. दोन वर्षं माझ्या घरचा धूर छपरावरून जायचा अन् तिच्या घरचा तिच्या छातीत.

मग दिल्लीचे साहेब येणार, असा निरोप आला. आहे तसंच राहू द्या, एवढं पोरगा सांगून गेला. आता सांगा, एवढ्या दुरून पाहुणे यायचे अन् बाईनं त्यांना काजळलेली भिंत दाखवायची? जावेनं आदल्या दिवशी पहाटेच पांढरी माती कालवली, भिंती पोतारल्या, जमीन सारवली. खोकत खोकत पार आढ्यापर्यंत हात पोचवला.

साहेब आले. माझी भिंत पाहिली, तिची पाहिली. पोराचं तोंड पडलं. धुराचे डाग मोजायला दोन्ही घरांत टांगलेली कापडं तो दाखवू लागला, तर साहेब घड्याळ पाहत होते. नागपूरची गाडी होती त्यांची. चूल पेटवून दाखव, असं एकानंही म्हटलं नाही. पोहे मात्र आवडीनं खाल्ले. निघताना थोरला साहेब म्हणाला, "घर तो दोनों साफ हैं."

पुढचा पैसा आला नाही. पोरगा सांगायला आला, मान खाली घालून. माझ्या अंगणात धुराड्याच्या दोन कोऱ्या नळ्या पडून होत्या. जाऊ म्हणाली, "भाऊ, त्या तरी बसवून दे ना मले."

"त्या जमा कराव्या लागतात, वहिनी. सरकारी आहेत."

"अन् मी दोन वर्सं धूर खाल्ला, तो कोनाचा होता?"

त्यानं नळ्या सायकलला बांधल्या अन् गेला. त्याचीही नोकरी त्याच पैशावर होती म्हणा. पण तो तरुण होता, त्याला दुसरी मिळाली असेल.

जावेचा दम वाढत गेला. वर्ध्याच्या दवाखान्यात मीच घेऊन गेलते. डॉक्टरनं छाती तपासली अन् विचारलं, बिडी ओढता काय?

ती हसली. म्हणाली, "ओढली ना. दिल्लीवाल्यांसाठी."

डॉक्टरला काय कळणार? त्यानं कागदावर बिडी असंच लिहिलं.