लॅमिनेट केलेली डिग्री

आमच्या ह्यांना उघडा कागद बघवत नाही. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली, सुभेदार म्हणून निवृत्त झाले, गडहिंग्लजला परत जायचं सोडून इथं लखनऊत इंदिरा नगरला घर केलं, आणि फौजेच्या स्टोअरमधली कागद जपायची सवय घरात आणली. रेशन कार्ड, घराची पावती, माझ्या रक्तगटाचा कागद, सगळं लॅमिनेट.

आमच्या मुक्तानं बारावीनंतर फ्रेंच घेतलं तेव्हा हाच माणूस आठ दिवस धुमसत होता. "फ्रेंच शिकून काय तिकडं भाकऱ्या थापणार?" मुक्ता म्हणाली, "पढ़ाऊँगी, बाबा." मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर कायम हिंदीत. पोरगी मात्र चिवट. बी.ए. केलं, एम.ए. केलं, छावणीतल्या साहेबांच्या मुलांच्या शिकवण्या घेत बी.एड. केलं, मग दोन वर्षं एका शाळेत कंत्राटावर शिकवलं. यंदा त्याच शाळेनं कायमची जागा देऊ केली. तीस जूनच्या आत मूळ कागद दाखवायचे, एवढंच राहिलं होतं.

कागद घेऊन गेली ती तासाभरात परत. एम.ए.ची डिग्री शाळेनं घेतली नाही. प्लास्टिकमुळे शिक्का तपासता येत नाही म्हणे. नवी प्रत आणा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. डिग्री मिळाली त्याच संध्याकाळी ह्यांनी ती कौतुकानं लॅमिनेट करून आणली होती.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मला राग आवरला नाही, वाट्टेल ते बोलले मी ह्यांना. मुक्ता ताटावरून उठून गेली. माझ्या बोलण्याचं ह्यांना काही नाही. तिचं असं उठून जाणं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून हे युनिव्हर्सिटीच्या खिडकीसमोर. अर्ज दिला, प्रतिज्ञापत्र दिलं, खराब डिग्री जमा केली. आतला बाबू म्हणाला, "अंकल, दो महीने लगेंगे." हे जूनच्या उन्हात डबा घेऊन रोज साडेनऊला जायचे आणि तिथल्या बाकावर बसायचे. सहीसाठी मुक्ता एकदा गेली, ती परत आली तर डोळे लाल. म्हणाली, "आई, बाबा लाइन में सबको बता रहे थे, मेरी बेटी फ्रेंच पढ़ाती है. और ये भी, कि गलती उसकी नहीं, मेरी है."

शेवटी त्या बाबूनंच कंटाळून फाइल पुढं सरकवली, आणि अठ्ठावीस तारखेला हे घामानं निथळत दारात उभे, हातात नवी डिग्री. मुक्तानं शिक्क्यावरून बोट फिरवून बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी शाळेनं नेमणूकपत्र हातात ठेवलं. घोडं गंगेत न्हालं एकदाचं.

मी चहा करून आणला तर टेबलावर पत्र नाही, आणि घरात हे नाहीत. आम्ही दोघी चपला अडकवून कोपऱ्यावरच्या लॅमिनेशनच्या दुकानात पोचलो, तोवर कागद मशीनमध्ये गेलेला.

"अहो, काय केलंत हे?"

ह्यांनी काखेतल्या फाइलमधून घडी न पडलेलं मूळ पत्र अलगद काढून दाखवलं. "झेरॉक्स आहे ती," खाली मान घालून म्हणाले. "भिंतीवर लावायला."

मुक्ता हसायला लागली. मग चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, शाळेतल्या माझ्या टेबलासाठी पण एक करा."